सूपभर कोंड्याला विकलेला माणूस

आमच्या कॉलनीत अजून दोघीतिघी अशा आहेत, की धोंडूभावजी माझ्या हातानं गेले असं मानतात. तोंडावर बोलत नाहीत. जिन्यात भेटल्या की माझ्या हाताकडं बघतात, तोंडाकडं नाही. बघोत. माणसाच्या डोक्यातली शीर सोन्याच्या तारेला विचारून फुटत नाही, एवढं माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. डॉक्टरांनी तपासणी केली, त्याच संध्याकाळी भावजींची शुद्ध गेली आणि ते घरी आले नाहीत. तपासणीआधी त्यांच्या नाकातली कडी मी काढली होती. झालं ते एवढंच.

पण त्या माणसाबद्दल लिहायचं तर कडीपासूनच सुरुवात करावी लागते. त्यांच्याकडं बघणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करायचा.

उजव्या नाकपुडीत हरभऱ्याएवढी सोन्याची कडी. अंगानं दणकट, जाड मिशा, वागळे इस्टेटमध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला, आणि नाकात कडी. आम्ही वर्तकनगरला राहायला आलो तेव्हा शेजारच्या दारात हा माणूस स्टोव्हला पिन मारत बसला होता. मी मनात म्हटलं, हे काय सोंग आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोला, शालूला, सरळ विचारलं.

"तुझ्या नवऱ्याच्या नाकात काय गं ते?"

"लहानपणचं आहे," ती म्हणाली. "त्यांना नका विचारू आक्का. मग जेवत नाहीत."

मी विचारलं नाही. मला दुसऱ्याच्या घरातलं उकरायची सवय नाही, असं मी म्हणते. पण गॅलरी एक आणि नळ एक असला की न विचारताही सगळं कळतं. भावजींनी स्वतःही सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, बरीच वर्षं लावून.

त्यांचं गाव दापोलीकडं. त्यांच्या आधी आईला तीन मुलगे झाले आणि तिन्ही वर्षाच्या आत गेले. चौथ्या वेळी त्या बाईनं ठरवलं, की हा आपला नाहीच असं दाखवायचं. कुणाला दाखवायचं ते कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. नाव धोंडू ठेवलं, म्हणजे दगड; कुणाला हवासा वाटू नये. नाक टोचलं आणि परकर नेसवला, मुलगी वाटावी. आणि शेजारच्या गोदाबाईला सूपभर कोंड्याला विकून टाकलं. गोदाबाईचं एकही मूल गेलेलं नव्हतं, म्हणून ती. आई उंबऱ्याच्या आत उभी, गोदाबाई बाहेर. "कोंड्याच्या भावात घेतला." "दिला." मूल वाढलं आईच्याच घरी, तिच्याच दुधावर, पण गोदाबाईचं म्हणून. कडी गोदाबाईनं आपल्या हातानं घातली. पुढं लग्नाच्या आदल्या दिवशी तिनंच ती काढायची, "माझ्याकडं राखून झाला, घे तुझा" म्हणायचं आणि मूल आईला परत द्यायचं, अशी त्यांच्याकडची रीत. आमच्या साताऱ्याकडंही मुलं विकत, पण आमच्याकडं काम लवकर उरकत. मूल चालायला लागलं की परत.

लग्न ठरलं आणि गोदाबाई तापानं गेली. घातलेल्या हातानंच काढायची, आणि तो हातच राहिला नाही. कडी नाकात राहिली आणि पोरगा परत द्यायचा राहिला.

"मी अजून विकलेलाच आहे, आक्का," असं ते मला एकदा नळावर म्हणाले. सिलेंडर अजून आलेला नाही असं सांगावं, त्या आवाजात. आणि हंडा उचलून गेले.

मला वाटलं गंमत करतात. गंमत नव्हती. त्यांची आई वर्षातून महिना-दोन महिने ठाण्याला यायची, गॅलरीत तांदूळ निवडत बसायची. भावजी कामावरून आले की तिच्यासमोर उभे राहून विचारायचे, "काकी, चहा घेतलास?" स्वतःच्या आईला काकी. ती बाईसुद्धा "घेतला हो," म्हणायची आणि तांदळात बघायची. त्यांच्या पाठीवरून हात फिरवताना मी तिला कधी पाहिलं नाही.

मी शालूला म्हटलं, "सासू ना तुझी?"

"सासूच."

"मग काकी काय?"

"आई म्हटलं तर कळेल ना."

"कुणाला कळेल?"

शालूनं हातातलं पातेलं जरा जास्त जोरात घासलं.

तर असा तो माणूस. चोरी न करता चोरासारखा जगला. बरं चाललंय असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "कसे आहात भावजी?" की "असाच पडलोय." भाजी आवडली तर "खारट झालीय" म्हणून दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. नवा शर्ट शिवला की आधी पाठीच्या बाजूला उदबत्तीनं एक भोक पाडायचे, मग घालायचे. शालू रागानं म्हणायची, "दुकानदाराला सांगत जा, भोकाचाच द्या म्हणून." वाढदिवस नाही, फोटो नाही. कुणी वय विचारलं तर "असेल काहीतरी."

एकदा ते कारखान्यात फोरमन झाले. घरी येऊन सांगितलं, की मला मशीनवरून काढलंय, आता नुसता फिरत असतो, जवळजवळ काम नाहीच. आमचे हे तेव्हा होते. हे लगेच त्यांच्याकडं गेले आणि तासभर धीर देऊन आले, की नोकरी गेली नाही ना, मग झालं, सगळ्यांवर वेळ येते. भावजींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. पुढं महिन्याभरानं त्यांच्या कारखान्यातला माणूस भेटला तेव्हा ह्यांना खरं कळलं. हे आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. "माझी सहानुभूती फुकट घालवली," म्हणाले.

कारखान्यात त्यांना त्रास झालाच. पोरं "ओ नथनी" म्हणून हाका मारायची. साहेब म्हणाला, कडी मशीनमध्ये अडकली तर नाक जाईल. नोकरी असेपर्यंत हा माणूस रोज सकाळी नाकाला चिकटपट्टी लावून गेला. त्यामुळं नाकाची ती बाजू कायम गोरी. रिटायर झाल्यावर पट्टी गेली आणि कडी उलट जास्तच दिसायला लागली.

त्या कडीला जपणं म्हणजे घरात दुसरं मूल असल्यासारखं होतं. इतक्या वर्षांत ती झिजली. एका जागी दोऱ्याएवढी बारीक झाली. भावजी रात्री पालथे झोपायचे थांबले, शिंक आली तर नाक हातात धरायचे. शेवटी शालू त्यांना टेंभी नाक्यावरच्या सोनाराकडं घेऊन गेली, आणि सोबत मला, कारण त्या सोनाराची न् माझी ओळख होती. सोनार म्हणाला, "काढा, दोन मिनिटांत झाळून जोडून देतो." भावजी म्हणाले, "नाकातच करा." सोनार माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "बघतोस काय, नाकातच कर." शेवटी त्या बिचाऱ्यानं केसासारखी तार घेतली आणि झिजल्या जागेवर चिमट्यानं वेढे दिले. भावजी स्टुलावर वर तोंड करून बसले होते. घाम कानात उतरत होता. सोनार म्हणाला, "काका, दुखतंय का?" भावजी म्हणाले, "दुखत नाही. आवाज करू नकोस." दुकानात आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

मी लिहितेय ते वाचून कुणाला हा माणूस विनोदी वाटेल. मलाही वाटायचा, त्यांची आई जाईपर्यंत.

ती इथंच गेली, ठाण्याला. गावाहून यायला भाऊबंदांना वेळ लागणार होता. सगळी तयारी झाली आणि भावजी म्हणाले, अग्नी मी देणार नाही. का, तर मी तिचा मुलगा नाही. तिचे मुलगे तीन, ते आधीच गेले. शेजारपाजारचे पुरुष समजावून थकले. आमचे हे चिडून म्हणाले, "अहो, जन्म दिला त्या बाईनं." भावजी हळू आवाजात म्हणाले, "हळू बोला." शेवटी एका चुलतभावाची वाट बघत मयत संध्याकाळपर्यंत ठेवलं. बाईला नेत असताना मी वरून गॅलरीतून बघत होते. हा माणूस कॉलनीच्या फाटकापाशी, रस्त्यावर थांबलेल्या परक्या माणसासारखा उभा होता. कोरड्या डोळ्यांनी. तिरडी पुढं गेल्यावर त्यानं नमस्कार केला, वाटेनं कुठलीही तिरडी दिसली तर करतो तसा. आणि मग लोकांच्या मागं, बऱ्याच अंतरावरून, चालत गेला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या माणसाची भीती वाटली. म्हणजे त्याची नव्हे. एवढं मन मारून ज्याच्यापासून लपायचं, ते खरंच कुठं उभं असेल का, अशी.

पुढं काळ बदलला. मुलगा प्रशांत शिकला, घोडबंदर रोडला टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहायला गेला. तरी भावजी आणि शालू वर्तकनगर सोडायला तयार झाले नाहीत. आणि एक नवीनच प्रकार सुरू झाला. रस्त्यानं पोरं दिसायला लागली, चांगली कॉलेजातली, नाकात कडी घातलेली. कुणाच्या भुवईत, कुणाच्या ओठात. मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या हातावर तुळस गोंदलेली आहे. मी लहान असताना आत्यानं मांडीखाली दाबून धरलं आणि वैदिणीकडून टोचून घेतलं. मला कुणी विचारलं नव्हतं. ही पोरं स्वतःच्या मर्जीनं दुखवून घेतात, त्यांचं त्यांना.

भावजींना मात्र ते सहन होईना. एकदा आम्ही तिघं प्रशांतकडं निघालो होतो. बसस्टॉपवर एक उंच पोरगा उभा, पाठीला सॅक, कानात ते वायरीशिवायचं यंत्र, आणि नाकात कडी, अगदी उजव्या बाजूला. भावजी त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं. मग अगदी मायेनं विचारलं,

"तुझ्या आधी किती गेले रे?"

पोरानं कानातलं काढलं. "काय अंकल?"

"तुझ्या आधी. घरात. किती गेले?"

"कुठं गेले? अंकल, मी एकटाच आहे." मग त्याचं लक्ष भावजींच्या नाकाकडं गेलं आणि तो हसला. "अरे वा. एक नंबर. कुठून केलं?"

भावजी परत आमच्याकडं आले. बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकटाच आहे म्हणतो. त्याला घरच्यांनी सांगितलेलं नाही."

"अहो, फॅशन आहे ती," मी म्हटलं.

"आक्का, फॅशन म्हणून कुणी लपतं का?"



प्रशांतची मुलगी ईशा, कॉलेजात शिकते, हुशार आणि तोंडाळ. तिनं मनगटावर टॅटू काढून घेतला. स्वतःचंच नाव, वळणदार मराठीत. आजोबांना दाखवायला हौसेनं आली. प्रशांत आधीच ओरडला होता, तिला वाटलं आजोबा बाजू घेतील, त्यांच्याच नाकात कडी आहे म्हटल्यावर. मी तिथंच होते, शालूबरोबर मेथी निवडत. भावजींनी तिचा हात धरला, उजेडात नेला, नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"नाव लिहिलंस?"

"हो. मस्त आलंय ना?"

"अगं, आम्ही आयुष्यभर नाव लपवलं. तू अंगावर लिहून फिरतेस? आता शोधायला त्यांना काय लागतं?"

"कुणाला शोधायला, आजोबा?"

ते आत गेले आणि तीच जुनी चिकटपट्टी घेऊन आले. ईशाच्या मनगटावर स्वतः लावली, कडा दाबून दाबून. पोरगी हसली नाही, हे मी बघितलं. नंतर गॅलरीत मला हळूच म्हणाली, "आक्काआजी, आजोबा खरंच घाबरलेत." त्यानंतर ती ह्या घरी यायची तेव्हा मनगटाला पट्टी लावून यायची. बापापेक्षा तिला जास्त अक्कल आहे.

दोन वर्षांपूर्वी भावजींचं डोकं दुखायला लागलं. बोलताना शब्द सापडायचा नाही. एकदा जिन्यात बसून राहिले, आपलं दार कुठलं ते आठवेना. प्रशांतनं घोडबंदर रोडच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. साधा स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, शिरेत काहीतरी फुगलेलं दिसतंय, नीट कळायला एमआरआय पाहिजे. त्यावर ऑपरेशनचं ठरेल. लवकर करा. आणि हो, नाकातलं काढून या. त्या मशीनमध्ये धातू चालत नाही, आणि हे तर डोक्यातच आहे.

भावजी म्हणाले, मग राहू दे.

महिनाभर घरात हेच चाललं. प्रशांत कामावरून थेट यायचा, टाय सैल करून बापासमोर बसायचा.

"बाबा, तार आहे ती. सोन्याची तार. नुसती कापायची."

"कापणाऱ्याचा हात कुठंय?"

"तुम्ही मराल अशानं."

"हळू बोल."

प्रशांत मला म्हणाला, "आक्का, मी डॉक्टरांना सांगतो, झोपेचं इंजेक्शन द्या आणि काढून टाका." शालू पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली. "उठल्यावर नाकाला हात लावतील आणि तिथंच जीव सोडतील. तुला बाप नको असेल तर कर."

मलाही पटलं ते. तो माणूस आजारानं मरेल का माहीत नव्हतं, भीतीनं नक्की मेला असता.

तोड शालूनंच काढली. एका सकाळी माझ्याकडं आली, दार लावून घेतलं. म्हणाली, "गोदाबाई नाही. मग परत विकलं तर? दुसऱ्या बाईनं घेतलं तर तिचा हात चालेल ना?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार."

"विचारलं. दोन दिवस विचार केला त्यांनी. म्हणाले, चालेल. पण जिचं एकही मूल गेलेलं नाही अशी बाई पाहिजे. मग एकेकीचं नाव घेऊन बाद करत बसले. पाटकरवहिनींचं एक पोटात गेलं. सुमनचं जुळ्यातलं एक. कदमांच्या सुनेचं तर आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं, आक्का. ह्यांना माहीत. सगळ्या कॉलनीतली गेलेली पोरं ह्यांना माहीत आहेत."

"मग?"

"तुमची तिन्ही आहेत, म्हणाले. आक्का तेवढ्या आहेत."

तेव्हा मला समजलं, की प्रशांत झाला तेव्हा भावजींनी माझ्याच पोरांची जुनी झबली का मागून नेली होती. नवं कापड घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. चाळीसहून जास्त वर्षं हा माणूस माझ्या घराकडं, जिथून कुणी गेलं नाही असं घर म्हणून बघत होता आणि मला पत्ता नव्हता.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी हो म्हटलं, कारण माणूस तपासणीला गेला पाहिजे होता. पण एक विचारून घेतलं. भावजींसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "मी घेईन, काढीन. पण नंतर परत कुणाकडं द्यायचं? शालूकडं?"

त्यांनी डोकं हलवलं. "बायकोकडं कसं देणार. बघू तिथं."

ठरल्या दिवशी सकाळी मी पीठ चाळलं. हल्ली चक्कीवरून पीठ इतकं बारीक येतं, की कोंडा निघता निघत नाही. दोन डबे चाळले तेव्हा कुठं सुपात दिसण्याइतका झाला. सूपही प्लॅस्टिकचं. भावजींच्या दारात मी बाहेर उभी राहिले, शालू आत. भावजी तिच्या शेजारी, उंबऱ्याला पाय लावून. प्रशांत जिन्यात गाडीची किल्ली फिरवत उभा होता आणि भिंतीकडं बघत होता. ईशानं फोन वर केला होता. मग तिनंच तो खिशात घातला.

शालू म्हणाली, "नवरा विकणारी ह्या कॉलनीत मी पहिलीच."

"गिऱ्हाईक आलंय दारात, उगाच भाव करू नकोस," मी म्हटलं. "कोंड्याच्या भावात घेतला."

शालूनं सूप घेतलं. तिला हसायचं होतं, ते जमलं नाही. "दिला," म्हणाली.

भावजी उंबरा ओलांडून माझ्या बाजूला आले. सत्तरीचा माणूस, माझ्यापेक्षा डोकंभर उंच. माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी एक लांब श्वास सोडला. गाडीत बसेपर्यंत माझ्या पदराचं टोक त्यांच्या मुठीत होतं. मी ओढून घेतलं नाही.

हॉस्पिटलात त्यांना तो मागून बांधायचा निळा झगा घातला, चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि मशीनच्या खोलीबाहेरच्या लांब बोळात आणलं. खुर्ची ढकलायला एक मावशी होत्या, चाळिशीच्या, कल्याणहून येणाऱ्या. सकाळपासून तिसरा पेशंट, म्हणाल्या. आतून मुलगी आली आणि विचारलं, "मेटल सगळं काढलं ना?"

"काढतोय," मी म्हटलं.

कडी काही सहजासहजी निघेना. सोनारानं वेढे दिले होते ते आता तिच्यात बसून गेलेले. माझ्या बोटांत जोर नाही. शेवटी प्रशांतनं किल्लीच्या जुडग्यातलं नेलकटर काढून दिलं. मी त्या वेढ्यावर दाबलं, तार तुटली. मग कडी फिरवत फिरवत बाहेर घेतली. भावजींनी डोळे मिटले नाहीत. लहान मुलाचं नाक पुसताना ते वर बघतं, तसे माझ्याकडं बघत होते. कडी हातात आली तेव्हा ती गरम होती. चेहरा एकदम उघडा पडला, घराचं दार काढून ठेवल्यासारखा. मी कडी शालूच्या हातात दिली.

मला वाटलं झालं. खुर्ची आत न्यायला मावशी पुढं आल्या.

"द्या आता परत," भावजी म्हणाले.

"कुणाकडं देऊ?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. मी वळले. बोळात पाण्याचं मशीन होतं आणि भिंतीला लावलेल्या खुर्च्या. खुर्च्या रिकाम्या होत्या. मी परत सांगते, रिकाम्या होत्या. मला उन्हात चष्म्याशिवाय दोन इमारती पलीकडचं दिसतं, आणि तिथं कुणीही नव्हतं.

पण शालूनं डोक्यावर पदर घेतला. सासू गॅलरीत बसलेली असायची तेव्हा घ्यायची, तसा. आणि दोन पावलं बाजूला होऊन भिंतीला लागून उभी राहिली, वाट देऊन.

प्रशांतनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ईशानं त्याचा हात दाबला.

मग मी म्हटलं. कुणाकडं बघून म्हणायचं ते कळेना, म्हणून त्या खुर्च्यांकडं बघूनच म्हटलं, "माझ्याकडं राखून झाला. घ्या तुमचा."

बोळात काही झालं नाही. पाण्याचं मशीन गुरगुरत होतं.

मावशींनी खुर्ची फिरवली. दार उघडलं, आतला गार वारा आला. भावजींनी मागं वळून बघितलं नाही. त्यांनी उजवा हात वर केला, कुणाला टाटा करायला नाही. खांद्यापेक्षा थोडा उंच, कोपर वाकवलेलं, बोटं मिटलेली. लहान पोर मोठ्या माणसाबरोबर चालतं तेव्हा त्याचा हात जितका वर असतो, तितका. तो हात तसाच वर धरून ते आत गेले. आणि त्या कल्याणच्या मावशींनी, ज्यांना ह्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, खुर्ची डावीकडं घेतली आणि उजव्या बाजूला, दारातून एक माणूस जाईल एवढी जागा सोडून, ढकलत नेली.